तिंगफा कुणाच्या नावावर

मे महिना लागला की चियेनचेन बंदरावरच्या त्या मासळीच्या कारखान्यात माकुल कापणाऱ्या बायकांची तोंडं एकाच विषयावर चालायची. यंदा आईला कोणी लावायचं? बापाला कोणी लावायचं? लावायचं म्हणजे टॅक्सच्या रिटर्नमध्ये. ज्याच्या रिटर्नला म्हातारं माणूस लागतं त्याचा टॅक्स कमी होतो, आणि म्हाताऱ्याने सत्तरी ओलांडली असेल तर आणखी कमी. त्यामुळे एरवी ज्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला चार पोरांपैकी एकालाही सवड नसते, तिच्यावर मे महिन्यात चौघंही हक्क सांगतात. पण एक म्हातारं माणूस एकाच पोराला लावता येतं. दोघांनी लावलं की ऑफिसातून बोलावणं येतं आणि भावाभावांत वर्षभराची कट्टी. म्हणून शहाण्या घरात नववर्षाच्या जेवणालाच, तोंडात घास असताना, पाळी ठरवून टाकतात.

"आमची आई म्हणजे माझू देवी झालीय," चुनज्याओ म्हणायची. कारखान्यातली सगळ्यात बडबडी बाई ती. "दरवर्षी कौल लावायचा, ज्याच्या बाजूने पडेल त्याच्या घरी देवी. फरक एवढाच, देवीला वाजत गाजत नेतात नि आईला स्कूटरवर मागे बसवून."

सगळ्या हसायच्या. बीयुन मात्र हसायची नाही. ती त्या लायनीवरची मुकादम, त्साई बीयुन. साठीला टेकलेली, लग्न न केलेली, पायात पांढरे गमबूट, आवाज करवतीसारखा. सगळ्या तिला युनताई म्हणायच्या आणि जरा टरकून असायच्या. ती हसत नाही म्हणजे कामात खोळंबा झालाय असं वाटून बायका परत सुऱ्या चालवायला लागायच्या.

खरं कारण वेगळं होतं. एके काळी तिच्या रिटर्नला दोघं होती, आई आणि बाप. तिला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. दरवर्षी ती दोघांची कार्डं घेऊन ऑफिसात जायची, तीन माणसांचा कागद करून आणायची. मग बाप गेला, दोन राहिली. मग आई गेली. आईच्या नंतरच्या मे महिन्यात ती काउंटरवर गेली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, बाई, तुमचं सोपं आहे, एकटंच नाव. तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला होता. पण हिला त्या 'सोपं'चा असा राग आला की तिने त्याला पेनसुद्धा परत दिलं नाही. घरी आणलं ते पेन, नि कचऱ्यात टाकलं.

आता तिंगफाचं सांगतो.

लाय तिंगफा हा तिच्या बापाबरोबर कुपा मासा पकडायच्या जहाजावर होता, इंजिनाला तेल घालणारा. ती मोठी जहाजं. एकदा निघाली की दोन दोन वर्षं परत येत नाहीत. हिंदी महासागर काय, अटलांटिक काय. माणूस घरी येतो तेव्हा पोर त्याला काका म्हणतं. तिंगफाचंही तसंच झालं. तिसऱ्या सफरीवरून आला तेव्हा बायको पोराला घेऊन उत्तरेला, तिच्या भावाकडे निघून गेली होती. हा गेला होता म्हणे एकदा तिकडे. दारातून परत आला. त्यावर तो फार बोलायचा नाही आणि कुणी विचारायचंही नाही, कारण बंदरावर असल्या गोष्टी घरटी एक.

बीयुनच्या आईच्या मयताला तो आला तेव्हा कुठल्या तरी गोदामाच्या मागे राहत होता. तिची खालची खोली रिकामी पडली होती. भाड्याने घेतो म्हणाला. वर्षभर भाडं वेळेवर दिलं. मग एका सकाळी उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. बीयुननेच टॅक्सीवाल्याला थांबवून त्याला दवाखान्यात नेलं. हात काही पुरता सुधारला नाही. काम सुटलं, भाडं सुटलं, आणि जेवण खालच्या खोलीतून वरच्या टेबलावर कधी आलं ते दोघांनाही सांगता येणार नाही. तो तिला आ-युन म्हणायचा, तिचा बाप म्हणायचा तसंच. ती त्याला तिंगफाकाका. संध्याकाळी ती कामावरून आली की तो स्टुलावर बसून असायचा, भात लावलेला असायचा. डाव्या हाताने तांदूळ धुतो म्हणून निम्मे मोरीत जायचे. ती रोज ओरडायची. तो रोज 'उद्या नीट धुतो' म्हणायचा.

अशी सहा वर्षं गेली.

त्या वर्षी मे महिन्यात चुनज्याओने सहज काहीतरी सांगितलं. तिच्या वहिनीने म्हणे आपल्या विधवा आतेसासूला रिटर्नला लावलं. आतेसासू! बीयुनने विचारलं, नात्यातली नसली तर? चुनज्याओ म्हणाली, मला काय ठाऊक, ऑफिसात विचार. बीयुनने दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून ऑफिसात विचारलं. तिथल्या बाईने सांगितलं की माणूस रक्ताचं नसलं तरी चालतं. पण एकाच घरात कायमचं राहत पाहिजे, कमवायची ताकद नसली पाहिजे, आणि तुम्ही त्याला खरंच पोसत असला पाहिजे. त्याला पुरावा लागेल. वस्तीप्रमुखाचा दाखला आणा.

वस्तीप्रमुख देवळाशेजारी बसायचा, चहाचं सामान मांडून. तिचं म्हणणं ऐकून त्याने डोळे मिचकावले. "दाखला कशाला, युनताई? लग्नच लावून टाकतो. नवऱ्याला लावायला कुणाचा दाखला लागत नाही."

"तुझ्या बायकोला आधी विचार, तुला कुणी लावून घेतंय का ते," बीयुन म्हणाली. त्याने हसत हसत शिक्का मारला. लाल, चौकोनी, चांगला ठसठशीत.

तिंगफाला तिने काही सांगितलं नाही. दवाखान्यासाठी पाहिजे म्हणून त्याचं कार्ड घेतलं. का नाही सांगितलं? लाज वाटली. आता साठीच्या बाईने म्हाताऱ्याला काय सांगायचं, की मला तुम्हाला माझ्या कागदावर घ्यायचंय? पैसे वाचणार होते ते दोन बिलांपुरते. त्यासाठी ती अर्धी रजा घालवणारी बाई नव्हती. तिला दोन नावांचा कागद पाहिजे होता, बास.

तो झाला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, नातं? तिने सांगितलं, घरातला माणूस. त्याने टाइप केलं आणि कागद बाहेर आला. वर तिचं नाव, खाली तिंगफाचं. येताना तिने बदकाचं मांस घेतलं. तिंगफाने विचारलं, आज कुठला सण? ती म्हणाली, स्वस्त मिळालं.

मग उन्हाळा गेला, वादळं येऊन गेली. आणि एका दुपारी कारखान्यात डब्याच्या सुट्टीत तिचा फोन वाजला. पलीकडे एक बाप्या. मी कर कार्यालयातून बोलतोय, माझं नाव श्यू, तुमच्या रिटर्नमध्ये एका व्यक्तीबाबत...

आता आमच्याकडे असा फोन आला की माणूस पहिलं काय समजतो? भामटा. टॅक्सवाला बोलतोय, पोलीस बोलतोय, बँकेतून बोलतोय म्हणून रोज कुणी ना कुणी म्हातारीला लुबाडतं. भिंतीभिंतीवर पोलिसांची सूचना लावलेली असते. बीयुनने त्याला असं काही सुनावलं की शेजारच्या टेबलावरच्या बायका चॉपस्टिक खाली ठेवून ऐकायला लागल्या. फोन बंद केला. परत आला. परत सुनावलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, माझ्यावर नका विश्वास ठेवू. तुम्ही स्वतः ऑफिसात या, खिडकी नंबर आठ, मी चष्मेवाला आहे. पैसे आणू नका, नुसत्या या."

पैसे आणू नका म्हणतोय म्हणजे भामटा नसावा, असं चुनज्याओ म्हणाली.

खिडकी नंबर आठवर खरंच चष्मेवाला होता. तिला ओळखून त्याने आधी दोन्ही हात वर केले, आणि मग खाली बसवून नीट सांगितलं. लाय तिंगफा या माणसाला आणखी एकाने लावलंय. मुलाने. लाय पोहोंग, राहणार थाओयुआन, तिकडे उत्तरेला. आणि यंदाच नाही. नोकरीला लागला तेव्हापासून दरवर्षी.

 बीयुन म्हणाली, त्याने बापाला पाहिलेलंसुद्धा नाही.

श्यू म्हणाला, ते असेल. पण साठीपुढच्या आईबापांना लावायला एका घरात राहावं लागत नाही, पोसलं की झालं. आता तुम्ही दोघांनी आपसात ठरवा. ठरलं तर आम्ही काही विचारत नाही. नाही ठरलं तर पुरावे बघू, आणि म्हातारबाबांना बोलावून विचारू की तुम्हाला कोण सांभाळतं. ते जे सांगतील त्याला वजन आहे. पण एक सांगतो ताई, त्यांनी तुमचं नाव घेतलं तर मुलाची मागची वर्षंही उघडतील. फरक भरावा लागेल, वर दंड.

"भरू दे," बीयुन म्हणाली.

कारखान्यात ही बातमी माकुलाच्या वासासारखी पसरली. सगळ्या तिच्या बाजूने. चुनज्याओ तर पेटलीच. तू त्याचं तोंड पुसायचंस, तू दवाखान्यात रांग लावायचीस, आणि तिकडे तो गादीवर बसून नावावर कमावणार? अजिबात सोडू नकोस. दाखला आहे ना तुझ्याकडे? आम्ही सगळ्या साक्षीला येतो, गमबूट घालून. बीयुनने दवाखान्याच्या पावत्या काढल्या. औषधाच्या पिशव्याही. समोरच्या शेवयावाल्याने लिहून दिलं की ही बाई या माणसासाठी दररोज मऊ शेवया नेते, कारण त्याला चावत नाही. शेवयावाल्याला चार अक्षरं लिहायला अख्खी दुपार लागली, पण लिहिली.

तिला जिंकायचं होतं. हे तिला स्वतःलाही नवीन होतं. इतकी वर्षं तिने कुणाशी कशासाठी भांडण केलं नव्हतं, कारण भांडण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

मग त्या पोहोंगचा फोन आला. श्यूने दोघांना विचारून नंबर दिले होते. कारखान्याच्या मागे बर्फाच्या यंत्राजवळ उभी राहून तिने तो घेतला. आवाज चाळिशीतला, थकलेला. मावशी म्हणाला तिला.

"तुम्ही मला चोर समजत असाल," तो म्हणाला.

"समजत नाही. आहेस."

 तिने विचारलं, बाप कसा दिसतो ते तरी माहितीय का? म्हणाला, फोटो आहे, जहाजावरचा, त्यात टोपी आहे त्यामुळे कपाळ दिसत नाही. तिने विचारलं, त्यांचा उजवा हात गेला ते माहितीय? ते माहीत नव्हतं.  बीयुनला वाटलं, आता हा पैशाचं बोलेल, विनवण्या करेल, मग मी याला धुऊन काढीन. शब्द तयार होते तिच्याकडे, पुष्कळ दिवसांचे.

पण तो वेगळंच बोलला. नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एकाने शिकवलं, बाप साठीचा असेल तर लाव. राग होता तेव्हा. म्हटलं आयुष्यात काही दिलं नाही, एवढं तरी देऊ दे. म्हणून लावलं.

"आता कॉम्प्युटर मागच्या वर्षीची नावं आपोआप पुढे आणतो, मावशी. माणूस गेलेलं असलं तर नाव येत नाही, असं म्हणतात. मी पहिल्याच दिवशी भरतो. आधी ते बघतो. नाव आलं की 'बदल नाही' असं दाबतो. पैशाचं नंतर बघतो. कधीकधी बघतच नाही."

"फोन करायचास की."

"काय बोलू? आणि त्यांनीही कुठे केला."

बर्फाच्या यंत्रातून चुरा धडाधड पडत होता. बीयुनने दुसरा कान झाकून घेतला. तो म्हणाला, ऑफिस ठरवेल ते मला मान्य आहे. दंड भरीन. तुम्ही त्यांना जेवायला घालता, तुमचाच हक्क आहे. थांबून म्हणाला, "फक्त मग पुढच्या मेपासून माझ्याकडे नाव येणार नाही."

बीयुनने त्याला कधी येतोस असं विचारलं. त्याने बघतो म्हटलं. बघतो म्हणणारी माणसं येत नाहीत, हे बंदरावरच्या बाईला कुणी शिकवायला नको. तिने फोन ठेवला. तयार शब्द तसेच राहिले.

तिंगफाला घेऊन सोमवारी ऑफिसात जायचं ठरलं होतं. त्याला अजून कारण माहीत नव्हतं. टॅक्सचं काहीतरी, सही करायची, एवढंच. रविवारी दुपारी तो स्टुलावर बसून रताळ्याचा पाला निवडत होता, देठ गुडघ्यात धरून डाव्या हाताने पानं खुडत. बीयुन समोर बसून लसूण सोलत होती. आणि मनात हिशेब चालू होता. उद्या तो चष्मेवाला विचारणार, काका, तुम्हाला कोण सांभाळतं? हा म्हणणार, आ-युन. दुसरं नाव आहेच कुठलं त्याच्याकडे? मी नुसती गप्प बसायचंय. काही खोटं बोलायचं नाही, काही करायचं नाही. लसूण सोलायचा. उद्या याच वेळेपर्यंत हा माणूस माझ्या कागदावर पक्का.

लसणाच्या चार पाकळ्या सोलल्या तिने. पाचवी हातात धरून बसली.

मग सांगितलं. घडाघडा सांगितलं, माल उतरवल्यासारखं. पोहोंगने तुम्हाला लावलंय. नोकरीला लागला तेव्हापासून. दरवर्षी मेमध्ये पहिल्या दिवशी तो तुमचं नाव आलंय का बघतो, म्हणजे तुम्ही जिवंत आहात का ते. उद्या ऑफिसात विचारतील की सांभाळतं कोण. त्याचं नाव घेतलं तर त्याचं राहील. माझं घेतलं तर त्याला मागचा दंड बसेल आणि नाव जाईल. बस्स.

तिंगफाच्या गुडघ्यातून देठं घसरली. त्याने ती उचलली नाहीत.

"नाव पूर्ण येतं?" त्याने विचारलं. "लाय तिंगफा असं?"

"पूर्ण."

"आणि जन्मतारीख?"

"तीही येते."

"म्हणजे मी किती वर्षांचा झालो ते त्याला कळत असणार," म्हातारा म्हणाला. आणि वाकड्या तोंडाने हसला. सहा वर्षांत बीयुनने ते हसू पाहिलं नव्हतं. तिला त्या क्षणी कळलं की सोमवारचं काम रविवारीच होऊन गेलं. तरी माणूस आशा धरतोच. तिने त्याची दाढी करून दिली, शर्टाला इस्त्री केली. दाढी करताना तो मध्येच म्हणाला, कापू नकोस गं, फोटो काढतील काय? ती म्हणाली, तोंड मिटा, नाहीतर नाक कापीन.

सोमवारी खिडकी नंबर आठ. श्यूने तिंगफाला उठून नमस्कार केला, गरम पाणी आणून दिलं. चांगला मुलगा होता तो. टेबलावर बीयुनचे कागद मांडलेले, पावत्या, शेवयावाल्याची चिठ्ठी, वर तो लाल शिक्क्याचा दाखला. त्याने मोठ्याने, सावकाश विचारलं.

"काका, तुमचं खाणंपिणं, दवापाणी कोण बघतं?"

तिंगफाने डावा हात उजव्या हातावर ठेवला. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्याकडे बघत राहिला.

"पोरगा," तो म्हणाला. "लाय पोहोंग. पैसे पाठवतो. चुकत नाही."

"दरवर्षी?"

"दर महिन्याला."

श्यूने कागदांकडे पाहिलं. मग बीयुनकडे. मग परत म्हाताऱ्याकडे. "आणि या ताई?"

 तिंगफाने बीयुनकडे मान वळवली, पण पुरती नाही, खांद्यापर्यंत.

"या... घरमालकीण," तो म्हणाला. "चांगल्या आहेत."

या! सहा वर्षांत पहिल्यांदा तिला 'या' म्हटलं त्याने. श्यूने चष्मा काढून पुसला. तो काही दूधखुळा नव्हता, त्याला सगळं दिसत होतं. त्याने हळूच विचारलं, ताई, तुमचं काय म्हणणं आहे? म्हणणं असेल तर मी लिहून घेतो, अजून वेळ आहे.

बीयुन म्हणाली, ते म्हणतात तसंच आहे. माझीच समजूत चुकली. नाव काढून टाका.

ते काढायला फार काही लागत नाही. एक कागद, एक सही, मधला फरक भरायचा. श्यूने पावत्यांचा गठ्ठा नीट रबर लावून तिला परत दिला. दाखलाही दिला. म्हणाला, जपून ठेवा, कधी लागेल. दोघांनाही ठाऊक होतं, लागणार नाही.

परतीच्या बसमध्ये तिंगफा खिडकीकडे बसला होता. बंदराच्या क्रेन दिसायला लागल्यावर तो बोलला.

"खोटं बोललो मी."

"ऐकलं."

"पोराला भुर्दंड बसला असता गं."

"हो."

"तुला दुसरं काय म्हणायचं ते मला तिथे सुचलंच नाही. मालकीण निघालं तोंडातून."

बीयुन म्हणाली, मलाही नसतं सुचलं. आणि आपला थांबा आला, उठा, दांडा धरा.

कारखान्यात चुनज्याओने विचारलं, जिंकलीस ना? बीयुन म्हणाली, हवा खूप होती ऑफिसात, एसीची, सर्दी झाली. आणि गमबूट चढवून लायनीवर गेली. चुनज्याओ तोंडाळ होती पण वेडी नव्हती. तिने बाकीच्या बायकांना डोळ्यांनी गप्प केलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्या लायनीवर कुणी कुणाच्या आईबापाचं नाव काढलं नाही.

पोहोंग आला नाही. नववर्षाला एक खोकं आलं, कुरिअरने. त्यात एका हाताने घालता येईल असा, पुढे चेन असलेला जाड स्वेटर. चिठ्ठी नव्हती. तिंगफाने तो स्वेटर घडी करून उशाला ठेवला. घातला नाही. दक्षिणेत एवढी थंडी पडतेच कुठे. बीयुनने तिंगफाला सांगितलं, पोहोंगला फोन करा. त्याने उद्या करतो म्हटलं. तांदूळ उद्या नीट धुतो म्हणायचा, त्याच आवाजात.

मग परत मे महिना आला.

पहिल्या तारखेला सकाळी बीयुन कामाला निघाली तेव्हा तिंगफा इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाण्याने चापून दारात बसला होता. डाव्या हाताने सगळी बटणं लावायची म्हणजे तो पहाटेच उठला असणार. तिने विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, कुठे नाही. थोड्या वेळाने विचारलं, थाओयुआनला ऑफिसं किती वाजता उघडतात गं? तेव्हा तिला समजलं. ती म्हणाली, कॉम्प्युटरवर भरतात, केव्हाही भरतात. तो बरं म्हणाला आणि बसून राहिला.

संध्याकाळी ती चुनज्याओबरोबर टॅक्स ऑफिसात गेली. चुनज्याओची पाळी होती यंदा, आई तिच्याकडे पडली होती. पर्समध्ये आईचं कार्ड, नवऱ्याचं, दोन पोरांची, आणि नंबर आल्यावर ती सगळी काउंटरवर पत्त्यांसारखी पसरून हे कुणाचं ते कुणाचं चालू. बीयुनचा नंबर शेजारच्या काउंटरला आला. नवीन माणूस होता.

"एकट्याच का?" त्याने विचारलं.

"एकटीच."

त्याने एक बटण दाबलं. झालं. चुनज्याओची कार्डं अजून लागत होती. बीयुन बाहेर येऊन पायरीवर उभी राहिली. रस्त्यापलीकडे स्कूटरवर तिघं चौघं बसून आपापल्या घरी चालली होती. यंदा तिने काउंटरवरच्या माणसाला पेन परत दिलं होतं. राग नव्हता. राग यायला काहीतरी तुमच्या हातात असावं लागतं.

घरी आली तर तिंगफा शर्ट घालूनच होता. भात लावलेला. ती हातपाय धुऊन बसली, माकुलाचं सूप वाढलं, मऊ शेवया त्याच्या वाडग्यात मोडून घातल्या.

"झालं असेल का त्याचं?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवशीच भरतो म्हणाला होता."

"मग बघितलं असेल त्याने." तो खुशीत खाऊ लागला. दोन घास गेल्यावर थांबला. "तुझं झालं?"

"झालं."

"तुला कोण लावतं गं, आ-युन?"

"मला कशाला कोण लावेल? मी कमावती आहे."

"आत्ता नाही. पुढे. कमावणं थांबल्यावर."

शेवयावाल्याचं दुकान बंद होत होतं, त्याचं शटर ओढल्याचा आवाज आला. बीयुन उठली आणि पंखा त्याच्या बाजूला वळवला.

"सूप गार होतंय," ती म्हणाली. "खा."